रतनगड ते हरिश्चंद्रगड: नऊ जणांचं पाणी

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नऊ जणांनी गुरुवार ते रविवार असा बेत आखला. रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. मुक्काम तीन: पहिला रतनगडाच्या गुहेत, दुसरा कुमशेतला, तिसरा हरिश्चंद्रगडावर. जेवणाचं आणि वाटाड्याचं अर्ध्या तासात ठरलं. पाण्यासाठी मात्र दोनदा बसावं लागलं, आणि दुसऱ्यांदा आवाज चढले.

पाणी मिळेल का, याची चिंता कुणालाच नव्हती. रतनगडावर कातळात खोदलेली टाकी आहेत आणि त्यातल्या काहींत मार्चमध्येही पाणी असतं. कुमशेतला विहीर आणि हापसा आहे. हरिश्चंद्रगडावर मंदिराच्या आवारात टाकी आहेत. भांडण होतं ते हे पाणी कसं करून प्यायचं यावर. नियोजन माझ्याकडे होतं, त्यामुळे निवाडाही माझ्याच गळ्यात.

गटात तिशी-चाळिशीतले सहा नोकरदार, त्यातला एक डॉक्टर. शिवाय बासष्ट वर्षांचे एक काका, त्यांची कॉलेजात शिकणारी पुतणी आणि मी. काका ऐंशीच्या दशकापासून सह्याद्रीत फिरताहेत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "टाक्याचं पाणी म्हणजे अमृत. आयुष्यभर पितोय, काय झालं मला?"

"काका, कावीळ कधी झाली होती का?" डॉक्टरनं विचारलं.

"झाली होती की, पंच्याण्णव साली. पण ती ऑफिसच्या कँटीनमुळे."

"कँटीनमुळेच, हे कशावरून?"

काकांकडे उत्तर नव्हतं, आणि कुणाकडेच नसतं. 'अ' प्रकारच्या काविळीचे विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण महिना जातो. 'ई' प्रकारालाही तेवढाच, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. जिआर्डिया या पोटातल्या परजीवीला एक-दोन आठवडे, टायफॉइडलाही तेवढेच किंवा जास्त. रविवारी गड उतरलेला माणूस सोमवारी आजारी पडला तर पाण्याला दोष देतो. वीस दिवसांनी पडला तर कोपऱ्यावरच्या वडापावला. 'वर्षानुवर्षं पितोय, काही झालं नाही' या पुराव्याला म्हणूनच फारसं वजन नाही. कधी काय झालं आणि कशानं झालं, याची नोंद कुणी ठेवलेलीच नसते.

पण काकांचं म्हणणं सगळंच टाकाऊ नव्हतं. खांबटाक्यातलं, म्हणजे आत खांब राखून कोरलेल्या टाक्यातलं, पाणी कातळाच्या पोटात, अंधारात असतं. ऊन लागत नाही म्हणून शेवाळ कमी धरतं. पावसाळ्यात भरल्यावर महिनोन्‌महिने हललेलं नसतं, त्यामुळे गाळ तळाशी बसतो आणि बरेचसे रोगजंतू नुसत्या काळानेच मरून जातात. ज्या काळात गडावर महिन्यातून चार टाळकी यायची, त्या काळात काकांचा अनुभव खराच असणार. आता शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगडावर तंबूंची वस्ती उभी राहते. त्याच टाक्यात पातेलं बुडवलं जातं, काठावर भांडी घासली जातात आणि सकाळी जो तो बाटली घेऊन दगडाआड जातो.

दुसऱ्या टोकाला गटातला आमचा अभियंता होता. त्यानं पोकळ तंतूंचा नवा फिल्टर घेतला होता, सॉयर कंपनीचा, ०.१ मायक्रॉनच्या भोकांचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वजन शंभर ग्रॅमच्याही आत. अमेरिकेत हजारो मैलांच्या वाटा चालणारे लोक एवढ्यावर भागवतात, मग आपल्याला आणखी काय हवं, असा त्याचा सवाल. सवाल चांगला होता, कारण त्याच्या उत्तरातच या प्रकरणाची किल्ली आहे.

पाण्यातून होणाऱ्या आजारांमागे ढोबळमानाने तीन आकारांचे जीव असतात. सगळ्यात मोठे एकपेशीय परजीवी: जिआर्डियाची पुटी साधारण दहा मायक्रॉनची, क्रिप्टोस्पोरिडियमची चार ते सहा. त्याखाली जिवाणू: कॉलरा, टायफॉइड, ई-कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर, बहुतेक अर्धा ते तीन मायक्रॉनचे. आणि सगळ्यात तळाला विषाणू: काविळीचे, नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही बारीक. ०.१ मायक्रॉनची भोकं पहिल्या दोघांना अडवतात, तिसऱ्याला नाही. अमेरिकेतल्या निर्मनुष्य डोंगरात हे चालून जातं, कारण माणसाला त्रास देणारे विषाणू मुख्यतः माणसाच्याच विष्ठेतून पाण्यात येतात आणि तिथे ओढ्याच्या वरच्या अंगाला माणसं फारशी नसतात. आपल्याकडे गडाच्या पायथ्याला गाव, माचीवर झोपड्या, माथ्यावर तंबू. तिकडचा सल्ला जसाच्या तसा उचलून इकडे चालत नाही.

डॉक्टरनं या मुद्द्यावर जोर दिला त्याला ताजं कारण होतं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. यातला पहिला या फिल्टरमध्ये अडकतो, दुसरा बिनदिक्कत पार होतो. क्लोरिनचा मात्र पहिल्यावर सहज आणि दुसऱ्यावरही योग्य मात्रेत, पुरेसा वेळ दिला तर इलाज चालतो. "मग फक्त क्लोरिनच्या गोळ्या घेऊ या," असं दोघं-तिघं लगेच म्हणाले. गोळ्या स्वस्त, हलक्या, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं अर्ध्या ग्रॅमची एक गोळी वीस लिटरला पुरेल असं सूत्र कधीचंच बसवून दिलेलं आहे.

पण गोळीचीही खोट आहे. क्रिप्टोस्पोरिडियमला क्लोरिन लागू पडत नाही, आणि तो प्रामुख्याने गुरांच्या, विशेषतः वासरांच्या शेणातून येतो. कात्राबाई ते कुमशेत या पट्ट्यात मार्चमध्ये ओढ्यात डबकी उरतात आणि त्याच डबक्यांवर गुरं उतरतात. शिवाय पाण्यात पालापाचोळा, शेवाळ, गाळ असेल तर क्लोरिन आधी त्यांच्यावरच खर्ची पडतं आणि जंतूंच्या वाट्याला उरतंच असं नाही. गढूळ पाण्याला दुप्पट मात्रा सांगतात ती याचसाठी.

तेव्हा पहिल्या बैठकीअखेर हाती आलं ते एवढंच: अभियंत्याचा फिल्टर माणसांच्या वस्तीत अपुरा, क्लोरिनची गोळी गुरांच्या वाटेवर अपुरी.

उकळण्याचा हिशेब

उकळून घेतलं तर तिन्ही आकारांचे जीव मरतात, यात वाद नाही. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं ठेवावं असं सांगतात. पण आपला सगळ्यात उंच कळसूबाईच १,६४६ मीटरचा, त्यामुळे तो नियम महाराष्ट्रात कुठेच लागू होत नाही. रतनगड १,२९७ मीटर. तिथे पाणी शंभराऐवजी साधारण ९५-९६ अंशांना उकळतं, आणि जंतू मारायला तेवढी उष्णता पुरून उरते.

अडचण इंधनाची. रतनगडावरच्या पहिल्या रात्री माणशी एक लिटर संध्याकाळसाठी आणि तीन लिटर दुसऱ्या दिवशीच्या चालीसाठी धरलं तर नऊ जणांचं पाणी होतं ३६ लिटर. छोट्या स्टोव्हवर वाऱ्यात एक लिटर उकळायला साधारण पंधरा ग्रॅम गॅस जातो. म्हणजे एका रात्रीत ५४० ग्रॅम, २३० ग्रॅमच्या दोन नळकांड्यांहून जास्त. वेळ लिटरला पाच मिनिटं धरला तरी तीन तास, आणि त्यानंतर ते गार कधी व्हायचं? लाकडं पेटवायचा प्रश्नच नव्हता. हा सगळा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि फेब्रुवारी-मार्चच्या वाळल्या गवतात जाळ करणं म्हणजे वणव्याला आमंत्रण.

तरीही उकळण्यानं आमचं ओझं हलकं केलंच. चहा, खिचडी, आमटी, मॅगी यांच्यासाठी लागणारं पाणी शिजताना आपोआप उकळतं. ते वेगळं शुद्ध करत बसायची गरज नाही. बरेच गट इथे दुप्पट काम करतात, भाताचं पाणीसुद्धा फिल्टरमधून काढतात आणि फिल्टर त्यातच तुंबवून बसतात.

अतिनील किरणांनी जंतू मारणारा यूव्ही पेनही एकाकडे होता. बाटलीत बुडवून दीड मिनिट फिरवला की एक लिटर तयार, विषाणूंसकट सगळं निकामी, चवीत फरक नाही. एकट्यादुकट्याला, निवळशंख पाण्यात, उत्तम. पण ३६ लिटर म्हणजे ३६ वेळा उभं राहून ढवळणं, बॅटरी संपली की खेळ खलास, आणि पाणी हिरवट असेल तर किरण आतपर्यंत पोचतच नाहीत. तो राखीव म्हणून सॅकमध्ये गेला. उन्हात बाटल्या ठेवण्याचा उपाय, पारदर्शक बाटली सहा तास कडक उन्हात, एका जागी मुक्काम असणाऱ्यांसाठी बरा आहे. चालणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. आणि रतनवाडीतून बिसलेरीचे खोके वर चढवायची सूचना आली ती काकांनीच एका वाक्यात झोपवली: "अरे, मग ट्रेक कशाला, खोकी वाहायलाच जाऊ या की."

कोणत्या पाण्याला काय

दुसऱ्या बैठकीत आवाज चढले ते 'एकच काहीतरी ठरवा' या हट्टापायी. मी मात्र यादी उलटी मांडली. साधनांऐवजी पाण्याच्या जागा लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे दोन प्रश्न: या पाण्याच्या वरच्या अंगाला कोण आहे, आणि पाणी किती स्वच्छ दिसतं?

रतनगडाच्या टाक्यांभोवती माकडं, पक्षी आणि माणसंही, पण गुरुवारी गर्दी नाही. पाणी हिरवट, वर पानं. इथे गाळून फिल्टर आणि मग क्लोरिन. कात्राबाईच्या ओढ्यातल्या डबक्यांवर गुरं. तिथे फिल्टरला पर्याय नाही. माणसांची वर्दळ नगण्य असल्यामुळे घाई असेल तर तेवढ्यावर भागवायचं. कुमशेतला हापशाचं पाणी जमिनीखालून, स्वच्छ. तिथे नुसती गोळी पुरे. हरिश्चंद्रगड, शनिवारची रात्र: पाणी आरशासारखं असलं तरी सगळ्यात संशयित तेच. तिथे फिल्टर आणि क्लोरिन, दोन्ही, सूट नाही.

हरिश्चंद्रगडाबद्दल सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं. डोळ्यांना जे पाणी सगळ्यात घाण वाटणार होतं, म्हणजे कात्राबाईचं डबकं, त्याला आम्ही एका उपायावर सोडत होतो, आणि देवळाजवळच्या नितळ पाण्याला दोन-दोन पहारेकरी. पण विषाणू पाण्याचा रंग बदलत नाहीत. केदारेश्वराच्या गुहेतलं कमरेएवढं गारेगार पाणी पाहून कुणालाही ओंजळ भरावीशी वाटते, आणि नेमकं त्यातच उतरून दिवसभर लोक पिंडीला प्रदक्षिणा घालत असतात.

क्रमावरही थोडं अडलं. आधी गोळी टाकून मग फिल्टर लावला तर काय बिघडलं, असं पुतणीनं विचारलं. बिघडतं असं की गोळी आधी शेवाळ आणि मातीवर संपते. शिवाय फिल्टरमधून निघालेलं पाणी ज्या कॅनमध्ये पडतं, त्या कॅनची, नळीची, झाकणाची घाण पुन्हा त्यात मिसळू शकते. क्लोरिन शेवटी टाकलं तर ते पाण्यात शिल्लक राहतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राखण करतं. फिल्टर झालेल्या पाण्याला मात्राही साधीच पुरते.

साहित्य शेवटी असं निघालं: २० लिटरचे घडी होणारे दोन कॅन, एकावर लाल चिकटपट्टी लावून 'कच्चं' लिहिलेलं. अभियंत्याचा फिल्टर, त्याची नळी आणि उलटी धुलाई करायची सिरिंज. २० लिटरला एक अशा क्लोरिनच्या गोळ्या. वाटेत एकेका बाटलीसाठी मेडिक्लोर या क्लोरिनच्या द्रावणाची छोटी बाटली, थेंबांचं प्रमाण तिच्या लेबलवर छापलेलं असतं तेच. तुरटीचा एक खडा. आणि काकांच्या घरचं जुनं मऊ सुती लुगडं, फाडून दोन हात लांब.

लुगड्यावर काही जण हसले. हसण्यासारखं त्यात काही नाही. नारूचा रोग, म्हणजे पाण्यातून शरीरात शिरणारा लांब कृमी, आपल्याकडच्या बारवांमधून पसरायचा आणि तो हटवण्यात कापडानं पाणी गाळण्याचा मोठा वाटा होता. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या साडीच्या निदान चार पदरांतून पाणी गाळायला लावलं तेव्हा कॉलऱ्याचे रुग्ण जवळपास निम्म्यावर आले. तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात आणि ते जलचर पदरात अडकतात. जुनं कापड नव्यापेक्षा बरं, कारण धुवून धुवून सुताची वीण दाट झालेली असते. आमच्यासाठी त्याचं मुख्य काम फिल्टर वाचवणं हे होतं.

प्रत्यक्षात

रतनगडाच्या शिड्या चढून वर पोचेपर्यंत घरून आणलेलं पाणी संपत आलं होतं. गुहेजवळच्या टाक्यात पाणी हिरव्या चहासारखं, त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. लुगड्याच्या चार पदरांतून कच्चा कॅन भरला. कापड उलटं केलं तेव्हा त्यावर हिरवा लगदा, दोन मेलेले किडे आणि एका बिस्किटाच्या पुड्याचा कोपरा. कॅन गुहेच्या तोंडाशी खुंटीसारख्या दगडाला टांगला, नळीतून फिल्टर, फिल्टरमधून पिण्याच्या कॅनमध्ये धार. पहिले चार-पाच लिटर झरझर आले. मग धार बारीक झाली, मग थेंब.

इथे सिरिंजनं जीव वाचवला. स्वच्छ पाणी सिरिंजमध्ये भरून फिल्टरच्या पिण्याच्या तोंडाकडून जोरात मारायचं. कच्च्या बाजूनं मातकट हिरवी पिचकारी उडते. तीन-चार वेळा मारलं की धार पुन्हा सुरू. मात्र ही सिरिंज स्वच्छ पाण्यानंच भरायला हवी, टाक्यातलं पाणी भरलं तर जो भाग निर्मळ राहायचा तोच नासतो. त्या रात्री ही धुलाई चार वेळा करावी लागली, आणि वीस लिटरला तासाभराऐवजी जवळजवळ दोन तास लागले. वेळ सगळ्यांनाच जड गेला, अभियंत्याला सर्वांत जास्त. तुरटी आधी फिरवून पाणी अर्धा-पाऊण तास निवळू दिलं असतं तर निम्मं काम वाचलं असतं, हे डॉक्टरनं दुसऱ्या कॅनच्या वेळी करून दाखवलं. खडा दोन-तीनदा फिरवला, शेवाळाचे पुंजके धरून खाली बसले, वरचं पाणी अलगद काढून घेतलं आणि फिल्टर एकाच धुलाईत पार पडला.

गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. दहाव्या मिनिटाला पुतणीनं आपल्या बाटलीत संत्र्याच्या चवीची पावडर ओतायला घेतली आणि डॉक्टर अक्षरशः ओरडला. अशा पावडरींत आणि लिंबात क जीवनसत्त्व असतं आणि ते क्लोरिनला क्षणात मारतं. अर्धा तास झाल्यावर खुशाल घाला, उलट वास जायला मदतच होते. आधी घातलंत तर गोळी टाकली काय आणि न टाकली काय. आणखी एक बारकावा त्यानं सगळ्यांकडून करवून घेतला. बाटलीचं झाकण थोडं सैल करून बाटली उलटी धरायची, म्हणजे क्लोरिनचं पाणी आट्यांमधून झिरपतं. ओठ लागतात ते तिथेच, आणि टाक्यात बुडवलेल्या बाटलीचं कच्चं पाणी तिथेच दडून बसलेलं असतं.

शुक्रवारी कात्राबाईच्या चढाआधीचा ओढा कोरडा होता, फक्त एका वळणावर डबकं, काठावर ताज्या खुरांचे ठसे. चौघांकडे एकेक लिटरच उरलं होतं. तिथे फिल्टरनं सहा लिटर काढले आणि ठरल्याप्रमाणे तेवढ्यावरच प्यायलो. डॉक्टरनं मात्र गुपचूप आपल्या बाटलीत मेडिक्लोर घातलं, हे नंतर कळलं.

कुमशेतला ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या शेजारीच ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक राहत होते. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणं आणि पाणी तपासणं हे त्यांचं काम. आमचा लाल पट्टीचा कॅन बघून ते हसले आणि घरातून ओटीचा, म्हणजे पाण्यातलं क्लोरिन तपासायचा, डबा घेऊन आले. काचेच्या नळीत विहिरीचं पाणी, त्यात औषधाचे थेंब, क्षणात पाणी पिवळं. पिवळं झालं म्हणजे क्लोरिन शिल्लक आहे. "कालच टाकली पावडर, बिनधास्त प्या," म्हणाले. मग आमच्या हापशाच्या पाण्याच्या, गोळी टाकलेल्या कॅनची पाळी. तेही पिवळं, विहिरीपेक्षा गडद. "तुमचं जरा जास्तच झालंय," असा शेरा मिळाला. पिण्याच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावं असं भारतीय मानक सांगतं, त्याहून आम्ही बरंच वर होतो. चार दिवसांसाठी त्यानं काही होत नाही, पण गोळी अर्धा कॅन भरलेला असताना पडली होती हे त्यावरून ध्यानात आलं. गावात जाणाऱ्या गटांनी हा एक प्रश्न विचारावाच: पावडर कधी टाकली? उत्तर 'काल' असेल तर बरंच काम झालेलं असतं. 'पावसाळ्यात' असेल तर आपली गोळी बाहेर काढायची.

शनिवारी दुपारी हरिश्चंद्रगड. मंदिराजवळ शंभरेक माणसं, टाक्यापाशी रांग, एक मुलगा टाक्याच्या पायरीवर ब्रश करत होता. दोन्ही उपाय लावले, वाद न घालता. काकांनीही.

आणि मग सगळ्या बंदोबस्ताला जिथे भोक पडलं ती जागा: झोपडीतलं ताक. उन्हातून आलेली माणसं, समोर मातीच्या माठातलं थंडगार ताक, वर कोथिंबीर. नऊपैकी सात जण प्याले. ताकातलं पाणी कुठलं, ते उकळलेलं होतं का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही आणि आलं असतं तरी तोंडावर विचारणं अवघडच. गडावरचं लिंबूसरबत, कोकम, पानांवर शिंपडलेलं पाणी, कच्ची काकडी धुतलेलं पाणी, सगळं याच रांगेतलं. तिथल्या लोकांचा पाहुणचार नाकारायचाही नसतो. चहा मागितला तर तो उकळलेलाच येतो आणि मानही राहतो. पिठलं-भाकरीला हरकत नाही. ताक-सरबताला मात्र विचार करावा.

निकाल काय लागला

रविवारी पाचनईत उतरलो तेव्हा सगळे ठीक होते. मंगळवारी एकाचं पोट बिघडलं, दोन दिवसांत ओआरएसवर आवरलं. तो ताक प्यायलेल्यांपैकी होता, पण इतर सहांना काही झालं नाही. तो कात्राबाईचं नुसतं फिल्टरचं पाणीही प्यायला होता, आणि परतीच्या वाटेवर राजूरच्या स्टँडवर त्यानं भेळही खाल्ली होती. कारण सांगता येत नाही. उरलेले आठ जण धडधाकट राहिले हा आमच्या पद्धतीचा पुरावा, असंही मी म्हणणार नाही. नऊ माणसं आणि चार दिवस हा नमुना काहीही सिद्ध करायला तोकडा आहे. काका कदाचित टाक्याचं पाणी थेट पिऊनही तसेच राहिले असते.

म्हणून या प्रकरणाची परीक्षा मी आजारपणावर न लावता कामावर लावतो. पाणी कधी कमी पडलं का? नाही. गॅस पुरला का? एक नळकांडं शिल्लक राहिलं. कंटाळून कुणी कच्चं पाणी प्यालं का? रतनगडावर रात्री दोघं प्यायच्या बेतात होते, फिल्टर तुंबला तेव्हा. माझ्या मते खरी धोक्याची जागा हीच. तहानलेल्या माणसाला दोन तास थांबवणारी पद्धत कागदावर कितीही निर्दोष असली तरी तिसऱ्या तासाला मोडते. त्यामुळे संध्याकाळी मुक्कामाला पोचताच, सॅक उघडण्याआधी, कच्चा कॅन भरून तुरटी फिरवायची आणि मग तंबू, चूल, गप्पा, हा क्रम आता आमच्यात पक्का झाला आहे. प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक लिटर तयार पाणी मुक्कामापर्यंत राखून ठेवायचं, हेही.

घरी आल्यावर फिल्टर उलटा धुऊन, पातळ क्लोरिनच्या पाण्यात भिजवून आणि झटकून वाळवून ठेवला. ओला फिल्टर कपाटात ठेवला तर आतच जिवाणूंची वस्ती होते. हाच फिल्टर मे महिन्यात हिमालयात न्यायचा असेल तर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावं लागेल. आत पाणी गोठलं की तंतू फाटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. थंड पाण्यात क्लोरिनही मंद चालतं, तिथे अर्ध्याऐवजी तासभर थांबायचं.

जुलैत याच वाटेवर जायचं चाललं आहे. तेव्हा पाणी पावलोपावली असेल, पण लाल, मातीनं भरलेलं. तिथे फिल्टर मिनिटात तुंबेल. शिवाय भातखाचरांच्या कडेच्या पाण्यात लेप्टोस्पायराचा धोका असतो. तो इतका सडपातळ जिवाणू आहे की ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटू शकतो, आणि पायाच्या जखमेतून तर पाणी न पिताही शिरतो. त्या खेपेला तुरटी आणि क्लोरिन मुख्य, फिल्टर दुय्यम, आणि लुगडं दोनऐवजी चार हात. यूव्ही पेन घरी राहील. काकांनी रतनवाडीच्या अलीकडे कड्यातून पडणाऱ्या एका धारेचं पाणी थेट प्यायची परवानगी मागितली आहे, वरच्या अंगाला कुणी नसतं असा त्यांचा दावा आहे. धारेच्या वरचा सडा आधी चढून पाहायचा आणि मग ठरवायचं, असं डॉक्टरनं मान्य केलं आहे.